न उकळलेला नमुना

धाकटीच्या आईचं निम्मं आयुष्य लोकांच्या कपड्यांवरचं तेल काढण्यात गेलं, आणि धाकटीनं एवढं शिकून काम कोणतं निवडलं, तर तेल चिकटवण्याचं. हे तिनं पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आई इस्त्रीवरचा हात न काढता म्हणाली, "म्हणजे तू लावायचं आणि मी काढायचं? बरंय की. धंदा घरातच राहील."

आईची लाँड्री रस्त्याच्या वळणावर होती. पुढे काउंटर, त्यामागे इस्त्रीचं टेबल, पडद्याआड धुलाईची यंत्रं, आणि छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दांडी. त्या दांडीवर लोकांचे कोट, जाकिटं, गणवेश हँगरला लटकून आपापल्या मालकाची वाट बघत असायचे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात आई आणि धाकटी राहायच्या. दोघे थोरले भाऊ केव्हाच आपापल्या संसाराला लागले होते.

"नीट सांग बघू," आई म्हणाली होती. "कोण कोणाला तेल लावतं?"

"पेशी असते ना, तिच्या आत प्रोटीनं तरंगत असतात. पण काहींचं काम पेशीच्या कडेच्या पडद्यापाशी असतं. तो पडदा तेलकट. प्रोटीन तिथं आपणहून टिकत नाही. मग एक एन्झाइम येतं आणि त्याला चरबीची एक शेपटी लावून देतं. शेपटी पडद्यात रुतते, प्रोटीन जागेवर राहतं."

आईनं वर दांडीकडे पाहिलं. "हँगर."

"हो, हँगरच म्हण."

"एवढंच होतं तर इतकी वर्षं कॉलेजात काय करत होतीस?"

आईला खोचक बोलायची सवय होती, पण तिला गोष्ट कळली होती आणि आवडलीही होती. एक प्रश्न मात्र तिनं दोनदा विचारला. "ही शेपटी ते आणतं कुठून?"

"पेशीतच असते. एन्झाइम ती आधी स्वतःच्या अंगावर घेतं, मग प्रोटीनला देतं."

"मग त्याच्याकडे काय उरतं?"

"काही नाही. मोकळं होतं, आणि पुढची घेतं."

"चांगलं आहे की मग ते," आई म्हणाली आणि बाहीची घडी मोडायला लागली.

असली एन्झाइमं माणसाच्या अंगात एक-दोन नाहीत. वीसेक भावंडांचं मोठं खटलं आहे. धाकटीच्या वाट्याला आलं ते त्यातलं अगदी शेवटचं, ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलेलं नव्हतं. बाकीच्यांवर जगभर प्रबंध लिहून झाले होते, याच्या नावावर धड दोन ओळीही नव्हत्या. प्रयोगशाळेत सगळे त्याला शेंडेफळ म्हणत. धाकटी स्वतः घरातलं शेंडेफळ. म्हणूनच असेल, पण पहिल्या महिन्यातच तिचा त्याच्यावर जीव जडला. त्याला कोणी नावं ठेवली की ती फणकारायची.

आईनं तर अख्ख्या रस्त्याला सांगून ठेवलं होतं, की आमच्या धाकटीचं स्वतःचं एक एन्झाइम आहे.

"आई, माझं कसलं? ते सगळ्यांच्या अंगात असतं. तुझ्याही."

"असू दे. माझ्या अंगात होतं तर मला इतकी वर्षं कोणी सांगितलं होतं का?"

सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागायचं ते वकीलसाहेबांना. त्यांच्या काळ्या कोटाच्या कॉलरला केसांचं तेल लागायचं, त्यामुळे दर आठवड्याला त्यांची फेरी ठरलेली. कोट काउंटरवर टाकता टाकता ते विचारायचे, "काय म्हणतंय तुमचं एन्झाइम?" आणि आई, जणू नातवाची चौकशी केली असावी अशी खुलून, म्हणायची, "चाललंय त्याचं. मोठं होतंय."

आता मोठं होतंय ही आईची आपली माया. खरं म्हणजे शेंडेफळ काही केल्या हलत नव्हतं.

प्रयोगशाळेत दोन एन्झाइमं होती. एक धाकटीचं शेंडेफळ आणि दुसरं सरांचं थोरलं. सरांनी आयुष्य वेचलं ते थोरल्यावर. तेही प्रोटीनला चरबीच जोडायचं, पण त्याची जात निराळी. त्यानं बांधलेली गाठ एकदा बसली की प्रोटीन मरेपर्यंत सुटायची नाही. सरांना त्या गाठीचा भारी अभिमान. पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना ते म्हणायचे, "उकळा, गोठवा, हवं ते करा. आमच्या थोरल्याची गाठ सुटणार नाही."

थोरल्यामुळे सर मोठे झाले होते आणि सरांमुळे प्रयोगशाळा. त्यामुळे तिथल्या सगळ्या रीतीभाती थोरल्याच्या हिशोबानं पडलेल्या. त्यातली पहिली रीत भिंतीवर, गरम ठोकळ्याच्या बरोबर वर, प्लॅस्टिकच्या वेष्टणात लावलेली होती. सरांच्या मोठ्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: "नमुना पाच मिनिटं उकळल्याशिवाय जेलवर चढवू नये."

जेल म्हणजे जेलीची पातळ वडी. तिच्यातून वीज सोडली की प्रोटीनं आपापल्या आकाराप्रमाणे पळतात, लहान पुढे, मोठी मागे, आणि कोण कुठे थांबलं त्यावरून कोण कोण होतं ते कळतं. पण प्रोटीन गुंडाळलेलं असतं, ते आधी सरळ करावं लागतं. त्यासाठी नमुन्यात एक निळं पाणी घालायचं, एक भयंकर वास मारणारं द्रावण घालायचं, आणि त्या ठोकळ्याच्या भोकांत नळ्या खोवून पाच मिनिटं उकळायचं. त्या द्रावणाचं खरं नाव लांबलचक होतं. सगळे त्याला नुसतं वासवालं म्हणत.

कधी काळी कोणी तरी उकळण्याचा आळस केला, अख्खं जेल बरबटून वाया गेलं, आणि दुसऱ्या दिवशी तो कागद भिंतीवर आला. तेव्हापासून त्या नियमाविरुद्ध चकार शब्द काढायची कोणाची छाती झाली नव्हती. आणि नियम पाळून घेण्यात सगळ्यात कडक कोण, तर आपली धाकटी. शेजारच्या टेबलावर काम करणारा पहिलवान, पंजे असे की प्रयोगशाळेचे हातमोजे त्याला पुरत नसत, एकदा चार मिनिटांतच नळ्या बाहेर काढताना सापडला. धाकटीनं त्याला सगळ्यांसमोर असं झापलं, की त्या दिवसापासून तो ठोकळ्यासमोर घड्याळ लावून, हात बांधून उभा राहायचा.

शेंडेफळाची परीक्षा अशी असे. पेशींना एक खास चरबी खाऊ घालायची, जिला मागाहून चमकणारा रंग जोडता येतो. शेंडेफळ जिवंत असेल तर ते ती चरबी उचलेल, आपल्या ठरलेल्या प्रोटीनला लावेल, आणि जेलवर त्या प्रोटीनच्या जागी चमकती पट्टी दिसेल. धाकटीनं पेशी बदलून पाहिल्या, चरबी कमी-जास्त करून पाहिली, प्रोटीनं बदलली. प्रत्येक वेळी अंधाऱ्या पेटीत जेल ठेवलं की संगणकाच्या पडद्यावर नुसता काळोख.

सर वाईट माणूस नव्हते. उलट त्यांनी वाट पाहिली, इतर कोणी पाहिली नसती इतकी. पण त्या महिन्याच्या बैठकीत त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सगळे समजले.

"अगं, शेंडेफळ मेलेलं आहे," ते म्हणाले. "मोठ्या खटल्यात असतं असं एखादं. नाव लागतं, काम होत नाही. यात तुझी चूक नाही."

धाकटीनं वही मिटली.

"पुढच्या महिन्यात परिषद आहे. तिथं मी हे सांगून टाकणार आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाची वर्षं फुकट जायला नकोत. आणि तू थोरल्यावर ये. काम तयार आहे, तुला फक्त हात घालायचा आहे. पदवी कुठे जात नाही तुझी."

यात दुष्टपणा कुठेच नव्हता आणि म्हणूनच ते फार लागलं. सरांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्यांनी व्यासपीठावरून मेलं म्हटलं, की जगाच्या पाठीवर कोणीही शेंडेफळाच्या वाटेला पुन्हा जाणार नाही. तिची चार वर्षं संपतील, ती एका मयताच्या नावावर.

"सर, पुढच्या बैठकीपर्यंत मुदत द्या."

"वेगळं काय करणार आहेस?"

"ते अजून माहीत नाही. पण मेलं म्हणायचं तर मला प्रेत तरी दिसलं पाहिजे. नुसता अंधार बघून मी नाही म्हणणार."

पहिलवानानं मान खाली घातली. सरांशी असं कोणी बोलत नसे. सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पुढच्या बैठकीपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर हट्ट नाही."

घरी तिनं आईला सांगितलं ते जिन्यातच, चपला काढता काढता, म्हणजे तोंडाकडे बघावं लागू नये. आईनं ऐकून घेतलं आणि ती चहा ठेवायला गेली.

दोन दिवसांनी वकीलसाहेब आले. धाकटी तेव्हा काउंटरमागे गणवेशांच्या घड्या घालत होती.

"काय म्हणतंय तुमचं एन्झाइम?"

"बरं आहे," आई म्हणाली.

"मेलंय ते," धाकटी मागून म्हणाली. "आई, सांग ना खरं. मेलेलं आहे. कधी जिवंत नव्हतंच."

वकीलसाहेबांना कुठे बघावं कळेना. त्यांनी कोटाची पावती घेतली, ती उगाच दोनदा वाचली आणि निघून गेले. आईनं इस्त्री उभी करून ठेवली.

"परक्यांसमोर घरच्या माणसाला असं बोलू नये."

"घरचं माणूस?"

"चार वर्षं आपल्यात जेवायला बसतंय. सकाळी त्याचं, संध्याकाळी त्याचं. मग घरचं नाही तर कोण?" आईचा आवाज चढला होता. "तुझ्या सरांनी मेलं म्हटलं, म्हणू दे. तू कशाला म्हणतेस? त्याच्या बाजूनं बोलायला दुसरं आहे कोण?"

धाकटीला रडू आलं आणि रागही आला. हे शास्त्र आहे, यात बाजू घेऊन भागत नाही, असं काही तरी ती म्हणाली. आईनं ते ऐकलं न ऐकलं केलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. धाकटी सकाळी जायची, तेच करायची, तोच काळोख बघून परत यायची. मायलेकी एकमेकींशी कपड्यांपुरतं बोलत होत्या. एका सुट्टीच्या दुपारी आई धुण्याचा ढीग वेगवेगळा करत होती आणि धाकटी कप हातात धरून दारात उभी होती. आईनं ढिगातून तिचा प्रयोगशाळेतला पांढरा कोट उचलला, नाकाशी नेला आणि हातभर लांब धरला.

"शी! नासकी अंडी फोडली की काय अंगावर?"

"वासवालं सांडलं."

"असलं काय मेलं वापरता तुम्ही? कशाला लागतं?"

धाकटीला सांगायचा कंटाळा आला होता, पण कित्येक दिवसांनी आईनं आपणहून काही विचारलं होतं. "प्रोटीन सरळ करायला," ती म्हणाली. "ते गुंडाळलेलं असतं ना. आत गंधकाच्या गाठी असतात, त्यानं ते धरून ठेवलेलं असतं. हे घातलं की गंधकाच्या गाठी सुटतात. वर पाच मिनिटं उकळलं, की मग गंधकाशी बांधलेलं काहीच..."

ती थांबली.

"काहीच काय?" आई कोट बादलीत बुडवत म्हणाली.

कपातला चहा कलंडून पायावर सांडला, ते धाकटीला कळलं नाही.

शेंडेफळानं लावलेली शेपटी प्रोटीनच्या गंधकालाच बांधलेली असते. हे काही तिला आज कळत नव्हतं. पुस्तकात पहिल्याच पानावर होतं, परीक्षेत तिनं ते आकृती काढून लिहिलं होतं, बैठकीत पडद्यावर दाखवलं होतं. थोरल्याची गाठ नायट्रोजनला, ती उकळून सुटत नाही. शेंडेफळाच्या घराण्याची गाठ गंधकाला, ती नाजूक. पेशीत तिचं कामच ते, हवी तेव्हा बांधायची, हवी तेव्हा सोडायची. हे सगळं तिच्या डोक्यात होतं, पण हात थोरल्याच्या घरात वाढले होते. डोकं लिहायचं, नाजूक गाठ. हात नळी उचलायचे, वासवालं घालायचे आणि उकळायला ठेवायचे.

ती धुण्याच्या ढिगावर मटकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा आईनं ओले हात पुसले आणि तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"काय झालं गं?"

"आई, ते करत असेल काम. रोज करत असेल. त्यानं लावलेली चरबी मीच काढून टाकत होते. दर वेळी. पाच मिनिटं, घड्याळ लावून."

"मग आता नको काढूस," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिलवानानं पाहिलं, की धाकटीनं नळ्या तयार केल्या आणि ठोकळ्याकडे पाठ फिरवून ती सरळ जेलच्या टेबलाकडे निघाली.

"उकळल्या नाहीस," तो म्हणाला.

"नाही उकळायच्या."

"वासवालं?"

"तेही नाही घातलं."

पहिलवानानं आधी दाराकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला चार मिनिटांवरून इतकं बोलली होतीस!"

"ते तेव्हा. आता इकडे ये आणि दार अडवून उभा राहा."

तिनं जेलच्या तीन खाचा भरल्या. पहिलीत हात मोडलेलं शेंडेफळ, म्हणजे ज्या जागी ते चरबी धरतं तीच जागा मुद्दाम बिघडवलेली. ते न उकळता. मधल्या खाचेत धडधाकट शेंडेफळ, न उकळता. तिसरीत तेच धडधाकट, पण सरांच्या नियमानुसार वासवालं घालून, व्यवस्थित उकळून. तिसऱ्या नळीचं उकळणं तिनं पहिलवानाला दिलं आणि त्यानं ते हात बांधून, घड्याळासमोर पार पाडलं.

जेल पळेपर्यंत ती खुर्चीवर बसू शकली नाही. टेबल पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं, बाटल्यांची तोंडं एका दिशेला केली. शेवटी जेल अंधाऱ्या पेटीत गेलं, झाकण लागलं आणि पडद्यावर चित्र उमटायला लागलं तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

"तू बघ," ती पहिलवानाला म्हणाली. "मला नाही बघवत."

पहिलवान वाकला. बराच वेळ नुसताच वाकून राहिला. मग त्यानं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या खोलीतले लोक कोणाला शॉक लागला म्हणून धावत आले.

पहिली ओळ काळी. तिसरी काळी. मधल्या ओळीत खाली एक जाडजूड चमकती पट्टी, प्रोटीनची, चरबी मिळालेली. आणि तिच्या वर एक फिकट पट्टी होती. ती शेंडेफळाची स्वतःची. देण्याआधी त्यानं अंगावर घेतलेली चरबी तेवढ्यापुरती तिथं दिसत होती.

धाकटीनं पडद्यावर बोट टेकवलं. "होतंस तू," ती म्हणाली. "होतंस की रे." तिला अभिमान वाटला, आणि तो कोणापासून लपवावा असं तिला मुळीच वाटलं नाही. धावत आलेल्या सगळ्यांना तिनं एकेक करून पेटीपाशी नेलं आणि पट्ट्या दाखवल्या. झाडू मारणाऱ्या मावशींनाही सोडलं नाही.

बैठकीत तिनं ते चित्र सरांसमोर ठेवलं. सरांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं.

"मधला नमुना उकळलेला नाही," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो, आरोप होता.

"नाही, सर."

"नियम माहीत आहे?"

"सगळ्यांकडून मीच पाळून घेते, सर."

सर चित्राकडे पाहत राहिले. माणूस हुशार होता, त्यांना सांगत बसावं लागलं नाही. तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट आलं, मग मधल्या ओळीवर, मग पुन्हा तिसरीवर, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"गंधक," ते हळूच म्हणाले.

"हो, सर."

"आणि आपण ते थोरल्यासारखं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. उठले आणि म्हणाले, "मी स्वतः करून बघणार."

आता सरांनी स्वतः नमुना हाताळल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. त्यांचा पांढरा कोट कपाटातून काढला तेव्हा त्याची बटणं लागेनात. पहिलवानानं आपला दिला, तो त्यांना पोत्यासारखा झाला. पण पिपेट हातात आलं आणि त्यांचं वय कुठल्या कुठे गेलं. नमुना खाचेत उतरवताना टोक कुठे टेकलं नाही, की थेंब इकडचा तिकडे झाला नाही. धाकटी बाजूला उभी राहून बघत होती, आणि तिला वाटलं, आपण शिकलो ते याच हातांकडून. चूकही आणि चांगलंही.

सरांच्या जेलवरही मधली ओळ उजळली. मग ते खिशातून पेन काढत ठोकळ्यापाशी गेले, भिंतीवरचा तो कागद वेष्टणातून बाहेर ओढला आणि नियमाखाली, त्याच ठळक अक्षरात लिहिलं: "शेंडेफळ सोडून." कागद पुन्हा आत सरकवून त्यांनी वेष्टण अंगठ्यानं दाबून बसवलं.

"परिषदेत काय सांगायचं, सर?" पहिलवानानं विचारलं.

"मला काय विचारतोस? तिला विचार. तीच बोलणार आहे."

परिषदेला जाताना धाकटीच्या अंगावर जो कोट होता त्याला आईनं अशी इस्त्री केली होती, की धाकटीला बसायची भीती वाटत होती. ती बोलली, घाबरत सुरू केलं आणि मधल्या ओळीपाशी आल्यावर घाबरणं विसरली. प्रश्नांच्या वेळी मागच्या रांगेतून एक पिकल्या केसांच्या बाई उठल्या. "मला प्रश्न नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही याच खटल्यातलं एक मेलेलं पडलंय. उद्या ते न उकळता बघते, एवढंच सांगायचं होतं." सभागृह हसलं आणि मग टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेत सर मागे वळून वळून लोकांना सांगत होते, "आमच्या प्रयोगशाळेतली आहे. आमचीच."

धाकटी परत आली तेव्हा दुपार होती. लाँड्रीत वकीलसाहेब काउंटरशी उभे होते आणि आईची तिच्याकडे पाठ होती. इस्त्रीच्या टेबलावरच्या भिंतीवर, जिथं इतके दिवस नुसता खिळा होता, तिथं काळ्या चौकटीत, धाकटीनं जाण्याआधी आईला समजावून दिलेलं ते चित्र लागलेलं होतं.

"हा कोणाचा एक्स-रे?" वकीलसाहेब विचारत होते.

"एक्स-रे कशाला असेल! हे शेंडेफळ," आई म्हणाली. तिच्या हातात मोजायची लाकडी पट्टी होती, ती तिनं चित्रावर टेकवली. "ही डावीकडची ओळ काळी आहे ना, त्यातल्याचा हात मोडलेला. ही उजवीकडची काळी, ती उकळली, त्यामुळे सगळं निघून गेलं. गरम पाण्यानं तेल निघतं, हे मी हिला लहानपणापासून सांगत आले, पण ऐकतंय कोण? आणि ही मधली. ही वरची जाड पट्टी, तिला चरबी मिळाली. आणि खालची फिकट आहे ना, ती देणाऱ्याची. देऊन मोकळं झालंय, म्हणून फिकट."

"तुम्हाला बरंच कळतं की यातलं," वकीलसाहेब म्हणाले.

"मला नाही कळलं तरी चालेल. तिला कळलं." आईनं पट्टी खाली घेतली. "अख्ख्या जगानं मेलं म्हटलेलं होतं, साहेब. माझ्या मुलीनं नाही म्हटलं."

एकदा तिनं म्हटलं होतं, याच काउंटरमागून, याच वकीलसाहेबांसमोर. धाकटीला ते आठवलं आणि तिचे कान तापले. आईला ते आठवत नव्हतं असं नाही. पण आईनं तो डाग केव्हाच काढून टाकला होता.

मग धाकटीच्या लक्षात आलं, की चित्र उलटं लागलेलं आहे. जाड पट्टी खाली आणि फिकट वर असायला हवी होती. म्हणजे डावं उजवीकडे गेलं होतं आणि आई ज्याला हात मोडलेलं म्हणत होती ते धडधाकट, फक्त उकळलेलं होतं. ती पुढे झाली, आईच्या खांद्यावरून तिनं चौकटीकडे हात नेला.

"काय गं, वाकडी लागलीय का?" आईनं विचारलं.

आईचे हात टेबलावर होते, वाफेनं आणि साबणानं रंग उडालेले. धाकटीनं चौकटीच्या काचेवरचा धुळीचा एक कण बोटानं टिपला आणि हात मागे घेतला.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर लागलीय."

वकीलसाहेबांनी कोट काउंटरवर ठेवला. कॉलरला नेहमीचा डाग होता. आईनं तो उजेडात धरून पाहिला, मान हलवली आणि पावती फाडली.